पच्चक्खाण महाराजसाहेबांकडून, गोळ्या मात्र मनाने?



पर्युषण जवळ आले की लालबाग-परळकडच्या उपाश्रयात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "अठ्ठाईत शुगरच्या गोळीचं काय करायचं गं?" उत्तर देते शेजारची बाई, नाहीतर मोबाइल.

उपवासाचे पच्चक्खाण आपण महाराजसाहेबांकडून घेतो. मग औषधाचे तेवढे मनाने का ठरवावे? ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम उतरते, शुद्धही हरपू शकते. उलट इन्सुलिन किंवा बीपीची गोळी परस्पर बंद केली तरी धोकाच. डोके दुखले म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक घेतले तर पोटाला त्रास, पाणीही कमी असेल तर मूत्रपिंडालाही. चौविहार असेल तर रात्रीची गोळी सूर्यास्ताआधी घेतलेली चालेल का, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

केमिस्ट ओळखीचा आहे, ही सबब नको. २०१४ पासून एच-१ यादीतल्या अँटिबायोटिक्ससाठी त्याला डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहावे लागते, ती वही ३ वर्षे जपावी लागते. हा नियम आपल्याच जिवासाठी आहे. फीची अडचण असेल तर १९२६ पासून परळला केईएम आहेच.

पच्चक्खाणातही आगार असतात. असह्य दुखण्यात औषधाची मोकळीक शास्त्रानेच ठेवली आहे. तेव्हा तपाच्या पंधरा दिवस आधी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, आणि मगच निर्धास्त मनाने अठ्ठाई करा.