कर्ब जाळा, कार्ड वाटा

परभणीची जमीन काळी आहे म्हणून ती श्रीमंत आहे, हा समज आता सोडा. बेसॉल्ट झिजून झालेली चिकणमाती आणि तिला चिकटून बसलेला थोडासा सेंद्रिय पदार्थ, एवढ्यावर रान काळंभोर दिसतं. माती प्रयोगशाळेत नेली की सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघतो, कित्येक रानांत त्याच्याही खाली. आकडा निघाला रे निघाला की व्यासपीठावरून ठरलेलं भाषण सुरू होतं: शेतकऱ्यानं युरिया ओतून जमीन मारली. मी मृदाशास्त्र शिकलो आहे आणि मानवत तालुक्यात कोरडवाहू कापूस-तूर करतो. हे भाषण अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच घातक आहे. ते तपासायला परभणी सोडून कुठं जावंही लागत नाही.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या रानात २००६ पासून सोयाबीन-करडईवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय योजनेतला. एका तुकड्याला काहीच द्यायचं नाही, एकाला नुसतं नत्र, एकाला नत्र-स्फुरद, एकाला नत्र-स्फुरद-पालाश, एकाला त्याच्या जोडीला शेणखत, एकाला फक्त शेणखत. वर्षामागून वर्षं, त्याच तुकड्याला तेच. शास्त्रातलं हे सगळ्यात चिवट काम. यात चमकायला काही मिळत नाही, माणसं निवृत्त होतात आणि प्रयोग पुढच्याच्या हाती जातो. मला या कामाबद्दल अपार आदर आहे. असे प्रयोग सांगतात ते स्पष्ट आहे. नुसतं नत्र मिळालेला तुकडा मागे पडतो. संतुलित रासायनिक खतानं कर्ब मरत नाही. पीक जोमदार आलं की मुळं वाढतात, धसकटं वाढतात, तेवढं मातीत राहतं. आणि खताच्या जोडीला शेणखत मिळालेला तुकडा उत्पादनातही पुढे आणि कर्बातही पुढे. इंग्लंडात रोथॅमस्टेडला असाच प्रयोग १८४३ पासून चालू आहे. तिथं दरवर्षी शेणखत मिळालेल्या पट्ट्यातला कर्ब दुपटीच्या वर गेला आहे.

म्हणजे दुखणं गोणीत जेवढं आहे, त्याहून जास्त ते रिकाम्या उकिरड्यात आहे. आणि उकिरडा शेतकऱ्यानं हौसेनं रिकामा केलेला नाही. ज्वारी होती तेव्हा कडबा होता, कडबा होता म्हणून दावणीला लाल कंधारी होती, दावण होती म्हणून उकिरडा होता. ज्वारीला भाव मिळाला नाही, सोयाबीन आलं, सोयाबीनच्या भुसकटावर बैल पोसत नाहीत, ट्रॅक्टर आला. वखराच्या पाळीच्या जागी उन्हाळ्यात खोल नांगरट आणि वर रोटाव्हेटर. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात उलटलेल्या ढेकळाला पहिल्या पावसाचं पाणी लागलं की जिवाणू त्यातला उरलासुरला कर्ब झपाट्यानं खाऊन हवेत सोडतात. या साखळीतली प्रत्येक कडी धोरणानं हलवली आणि शेवटी बोट दाखवलं ते माझ्याकडे.

त्या बोटाच्या टोकाला जमीन आरोग्य पत्रिका आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानात सुरतगडला तिचा गाजावाजा झाला. बारा रकाने, त्यातला एक सेंद्रिय कर्बाचा. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकोनाला एक नमुना घ्यायचा, असा नियम होता. पंचवीस एकरांत बरड येतं, भारी रान येतं, ओढ्याकाठची चोपण येते; कुणी गेल्या वर्षी गाळ टाकलेला, कुणाच्या रानात दहा वर्षांत शेणाची पाटी पडलेली नाही. या सगळ्यांना एकच आकडा. शिवाय नत्र स्वतंत्र न मोजता कर्बावरूनच त्याचा अंदाज बांधण्याची पद्धत देशात रूढ आहे. दुसऱ्याच्या मातीचा आकडा माझ्या नावानं छापायचा आणि त्यावर माझं शहाणपण ठरवायचं, याला मी विज्ञान म्हणणार नाही.

पत्रिकेवरचं 'कमी' वाचून घाबरलेला शेतकरी दुकानात जातो आणि तिथं दुसरी लूट सुरू होते. साधा हिशेब करा. एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचं वजन भरतं साधारण आठ लाख किलो. त्यात कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर आठशे किलो कर्ब मातीत टिकून राहिला पाहिजे. बारा टक्के ह्युमिकच्या एक लिटर बाटलीत कर्ब असतो जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम. ही बाटली 'कर्ब वाढवते' म्हणून विकणारा माणूस फसवतो आहे, आणि ज्या खात्यानं त्याला अडवायचं ते खातं बघत बसलं आहे. एका देशी गाईवर तीस एकर शेती होते म्हणणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. दहा किलो शेण, गूळ, बेसन यांच्या दोनशे लिटर जीवामृतातून एकराला दोन-अडीच किलोच्या वर कर्ब जात नाही. त्या पद्धतीतलं आच्छादन मात्र खरं काम करतं, आणि नेमकं तेवढंच कुणी करत नाही, कारण रानावर अंथरायला काडीकचरा लागतो आणि तो विकत मिळत नाही.

शेणखताचाही हिशेब खरा सांगितला पाहिजे. एकरी दोन टन, म्हणजे हेक्टरी पाच टन, टाकलं तर एकराला कर्ब जातो अडीचशे किलोच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग वर्ष-दोन वर्षांत उडून जातो. म्हणून एका हंगामात चमत्कार होत नाही. २०१५ च्या पॅरिस परिषदेत मातीतला कर्ब दरवर्षी हजारी चारनं वाढवण्याचा संकल्प सोडला गेला. मराठवाड्याच्या उन्हात आहे तो टिकवणं हीच पहिली लढाई आहे.

तरीही काडीकचरा आपल्याकडे आहे. पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, आणि त्या आपण बांधावर पेटवतो. बोंडअळी मोडायची म्हणून पऱ्हाट्या रानात ठेवू नका, असं कृषी खातं सांगतं, आणि ते बरोबरच सांगतं. पण उपटलेल्या पऱ्हाटीचं पुढं काय करायचं, यासाठी श्रेडर किती गावांत पोचला? जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हे उत्तर आपल्यासारख्याच काळ्या मातीत सापडलं होतं. इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पऱ्हाट्या-तुराट्या शेतातल्या गाडीवाटेवर अंथरल्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा केला, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख मिसळून ढीग लावले, ते पालटले आणि तीन महिन्यांत खत केलं. १९३१ मध्ये दोघांच्या नावानं पुस्तक निघालं. हॉवर्डला जगभरचे सेंद्रियवाले गुरू मानतात. वाडांचं नाव आपल्या कृषी पदवीधरांना तरी सांगतं का कुणी?

आता पैशाकडे या. २८ जून २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं तीन वर्षांच्या युरिया अनुदानासाठी ३,६८,६७६ कोटी रुपये मंजूर केले. त्याच दिवशी, त्याच निर्णयात सेंद्रिय खताच्या विक्री साहाय्यासाठी १,४५१ कोटी. शंभर रुपयांत चाळीस पैसेसुद्धा नाहीत. तेही टनाला दीड हजार रुपयांप्रमाणे गोबरधन योजनेतल्या प्रकल्पांत तयार झालेल्या खताला. माझ्या उकिरड्यावरच्या शेणखताला एक पैसा नाही. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी मला पावणेतीनशेच्या आत मिळते, आणि शेणखताची ट्रॉली मी भरतो, वाहतो, पसरतो ती सगळी माझ्या खिशातून. वरून बटईदार आणि ठोक्यानं रान करणारे आहेतच. पुढच्या वर्षी जमीन हातात राहील की नाही ठाऊक नसताना त्यांनी दुसऱ्याच्या मातीत पाच वर्षांचा कर्ब का घालावा?

माझं मागणं मोठं नाही. कुजवून शेतात घातलेल्या पऱ्हाटीला आणि शेणखताला थेट अनुदान द्या, बांधावर गिरीपुष्प लावणाऱ्याला द्या, ताग गाडणाऱ्याला द्या. नमुना प्रत्येकाच्या रानातून घ्या. आणि विद्यापीठानं १८ मेच्या खरीप मेळाव्यात भाषणांच्या आधी शेतकऱ्यांना त्या दीर्घकालीन प्रयोगाच्या तुकड्यांवर न्यावं, प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर उत्पादन आणि कर्ब मराठीत लिहून पाटी लावावी. कृषिमंत्र्यांनीही तिथंच उभं राहावं, आणि हेक्टरी पाच टन शेणखत आम्ही कुठून आणि कुणाच्या पैशानं आणायचं, याचं उत्तर त्या बांधावरच द्यावं.