शिक्षकांची उमेद

डॉ. राधाकृष्णन यांचा ५ सप्टेंबर हा जन्मदिन १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. शाल-श्रीफळ देऊन गुरुजनांचा गौरव होतो आणि दुसऱ्या दिवशी तेच गुरुजन पुन्हा तक्ते भरावयास बसतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने त्यांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली. परंतु जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांचा अपवाद ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हा भार उतरविण्याचे आश्वासन दिले आहे.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गोमंतकात खेडोपाडी शाळा निघाल्या, त्या शिक्षकांच्याच जिवावर उभ्या राहिल्या. आज एकशिक्षकी शाळेतील शिक्षकाला आजारपणातही रजा मागताना अपराध्यासारखे वाटते. कारण त्याच्या मागे वर्ग सांभाळणारे कोणी नसते. खचलेल्या मनाने मुलांना उमेद कशी द्यावी?

सरकारने प्रत्येक तालुक्यात बदली शिक्षक राखून ठेवावेत. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी दोष टिपण्यापूर्वी चार कौतुकाचे शब्द बोलावेत, आणि पालकांनीही तक्रारीवाचून कधी शाळेची पायरी चढावी. एवढे झाले तरी शिक्षकदिन सार्थकी लागला, असे आम्ही समजू.