प्रत्येक खराब नख म्हणजे बुरशी नव्हे

आज जरा वेगळा विषय. नखं! रंगवायची नव्हे, आजारी नखं.

आमचं नायगाव म्हणजे दादर पूर्वेचं, वसईच्या अलीकडचं नव्हे. परळचं के.ई.एम. इथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे त्वचारोग विभाग आहे, तपासण्या होतात. तरीही नख पिवळं पडलं, जाड झालं की आपण पहिल्यांदा जातो औषधाच्या दुकानात. "फंगस आहे, ही ट्यूब लावा" हे उत्तर ठरलेलंच.

माझ्या आत्याने असंच दीड-दोन वर्षं काढलं. ट्यूब झाल्या, बुरशीच्या गोळ्यांचे कोर्स झाले. नखाचा तुकडा कापून तपासायला मात्र कुणीच पाठवला नाही. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नखं बघितली, मग कोपर, कानामागची जागा, केसांखालची त्वचा बघितली आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?" आखडत होती. आत्या त्याला वय समजत होती. निघाला सोरायसिस, आणि सोबत त्याचा सांधेदुखीचा भाऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तपासल्याशिवाय नखावर महिनोन् महिने औषध घेणं थांबवायला हवं.

आता नखाचा सोरायसिस दिसतो कसा? नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात. नखाखाली तेलाचा थेंब पसरावा तसा पिवळट-तांबूस डाग दिसतो. टोकाकडून नख सुटतं, खाली भुसा साचतो. यातली शेवटची दोन लक्षणं बुरशीतही असतात, म्हणून गल्लत होते. नखाखालचा भुसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, गरज पडल्यास कल्चर करतात. साधी तपासणी आहे. कधी बुरशी आणि सोरायसिस दोन्ही एकत्र असतात, हेही खरं.

आणि सगळंच सोरायसिस नसतं. सतत पाण्यात हात असणाऱ्या बायकांची नखांची मुळं सुजतात, ते जुनाट नखुरडं. लायकेन प्लॅनस नावाच्या आजारात नख पातळ होऊन उभं चिरतं. उशीर केला तर ते कायमचं जाऊ शकतं. प्रत्येकाचा उपचार वेगळा!

सांध्यांचा प्रश्न का महत्त्वाचा? बोटाच्या शेवटच्या सांध्याचे तंतू नखाच्या मुळाला अगदी चिकटून असतात. २००६ साली सोरायसिसच्या संधिवातासाठी ठरलेल्या 'कास्पर' निकषांत नखांच्या बदलाला एक गुण आहे, तो उगाच नाही. हा संधिवात अंगावर काढला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

उपचार आहेत, पण धीर हवा. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलीमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. पायाचं वर्ष-दीड वर्ष घेतं. एक-दोन नखांसाठी लावायचं स्टेरॉइड आणि कॅल्सिपोट्रिऑल, किंवा नखाच्या मुळाशी इंजेक्शन. जास्त त्रास असेल तर मेथोट्रेक्सेट, तेही आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. त्यापुढे बायोलॉजिक इंजेक्शनं. अ‍ॅडॅलिम्युमॅबची भारतीय आवृत्ती २०१४ च्या अखेरीस आली, तरी खर्च काही किरकोळ नाही. ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात, कारण अंगात दबून बसलेला क्षय त्यांनी उसळू शकतो. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय ज्यांच्या शेजारी आहे त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

घरी करण्यासारखं म्हणजे नखं आखूड ठेवायची, भांडी घासताना हातमोजे, आणि नखाखाली पिन घालून कोरायचं नाही. इजा झाली की सोरायसिस तिथेच फोफावतो. दुकानातली स्टेरॉइडमिश्रित 'तीन-इन-वन' मलमं तर नकोच. बुरशीवर लावली तर गजकर्ण आणखी चिवट होतं.

शेवटी लोकांबद्दल. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. एकेकाळी त्याची कुष्ठरोगाशीच गल्लत व्हायची. व्हिएन्नाच्या हेब्रांनी १८४१ च्या सुमारास दोन्ही वेगळे करून दाखवले. इथून जवळच वडाळ्याला १८९० पासूनचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, त्यामुळे कातडीच्या आजाराला माणसं किती घाबरतात हे या भागाने पिढ्यान् पिढ्या पाहिलंय. कुष्ठरोगसुद्धा आज औषधांनी पूर्ण बरा होतो. तरी हळदीकुंकवाला आत्या बोटं पदराखाली घेते आणि प्रसादाचं ताट दुसरीकडे सरकवते.

तिच्या हातचा प्रसाद बिनधास्त खा. आणि तुमच्या घरात कुणाचं नख खराब असेल तर आधी तपासून घ्या, सकाळी बोटं आखडतात का तेही विचारा.