सायकल परीक्षेला बसली तेव्हा...



पेपरातलं पहिलंच गणित अडलं आणि त्यापुढचं येत असलेलंही सारं विसरलं, असं तुमचं कधी झालंय का? माझं झालंय.

मी सातवीत होतो. गणितात ९० च्या वर गुण मिळाले तर सायकल घ्यायची, असं बाबांनी कबूल केलं होतं. झालं! जेवताना सायकल, झोपताना सायकल. पेपरात पहिलं गणित अडलं तेव्हाही डोळ्यांसमोर सायकलच. आधी स्वतःचा राग आला, मग पेपर काढणाऱ्यांचा. हात घामेजले. व्याजाचं सूत्र आठवेना. शेवटची सोपी गणितं तर मी वाचलीसुद्धा नाहीत. गुण पडले ५८.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आजोबा मात्र मला अंगणात घेऊन बसले. म्हणाले, "अरे, परीक्षेला तू बसलाच नव्हतास. तुझ्या जागेवर सायकल जाऊन बसली होती!"

मग त्यांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली एक साखळी समजावून सांगितली. एखाद्या गोष्टीचं सारखं चिंतन केलं की तिची ओढ लागते. ओढीतून हाव, हाव अडली की राग. रागातून गोंधळ, गोंधळातून विसर पडतो आणि शेवटी बुद्धीच काम करेनाशी होते. मी थक्क झालो. ही तर माझ्याच पेपराची गोष्ट!

याच अध्यायात अर्जुन कृष्णाला विचारतो की, ज्याची बुद्धी स्थिर झाली आहे तो माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? प्रश्न किती साधा आहे पाहा. स्थिर मनाची ओळख रोजच्या वागण्यातच पटते. अशा माणसाला 'स्थितप्रज्ञ' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "म्हणजे दगडासारखं व्हायचं? हसायचं नाही, रडायचं नाही?" छे! कृष्णाने कासवाचा दाखला दिलाय. कासव आपले पाय आत ओढून घेतं, तोडून टाकत नाही. काम असलं की तेच पाय बाहेर काढून चालू लागतं. मनाचंही तसंच. नको तिथून मागे घेता आलं पाहिजे. आणि हे काही फक्त हरल्यावरच नव्हे, बरं का! जिंकल्यावर डोक्यात हवा जाऊ न देणं हाही समतोलच. यश आणि अपयश दोन्हींत मन सारखं राहणं, यालाच गीतेने 'योग' म्हटलंय.

मन वाऱ्यासारखं अवखळ आहे, ते आवरायचं कसं, ही तक्रार खुद्द अर्जुनाचीही होती. सहाव्या अध्यायात कृष्ण ते कबूल करतो आणि उपाय सांगतो. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा प्रयत्न, आणि वैराग्य म्हणजे हाव सैल सोडणं.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी गीतेच्या १८ अध्यायांवर १८ प्रवचनं दिली. साने गुरुजी तिथेच कैदेत होते. त्यांनी ती लिहून घेतली आणि त्याचंच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. बाहेर पडायची दारं बंद होती, पण हातातलं काम थांबलं नाही.

आता या आठवड्याचा अभ्यास. पेपरात, खेळात किंवा भावंडाशी भांडताना मन उसळलं की पेन खाली ठेवा, नाहीतर तोंड मिटा. सावकाश पाच श्वास मोजा. मग स्वतःला विचारा, "आत्ता माझ्या हातात काय आहे?" तेवढंच करा. अडलेलं गणित सोडून पुढचं घ्या. पहिल्या दिवशी नाही जमणार, पण दहाव्या दिवशी थोडं जमेल.

आणि आईबाबांनो, थोडं तुमच्यासाठी. त्या संध्याकाळी आजोबा बाबांनाही म्हणाले होते, "पेपर संपून महिना झाला. पोरगा त्यातून बाहेर आला, तू अजून आतच बसलायस!" बाबा हसले. त्या रात्री ते माझ्याशेजारी बसले आणि आम्ही दोघांनी ती राहिलेली गणितं सोडवली. सगळी बरोबर आली!

सायकल? ती पुढच्या वर्षी मिळाली. गुण विचारले नव्हते कुणी.