'विक्रांत' मोडली, आता 'गुलदार'

डिसेंबर उजाडला की संगमनेरच्या बसस्थानकावर शालेय सहलींच्या गाड्या उभ्या राहू लागतात. मार्ग ठरलेले असतात: रायगड, प्रतापगड, अजिंठा-वेरूळ, नाही तर मुंबई. मुंबईच्या यादीत राणीची बाग, तारांगण, गेटवे यांच्या जोडीस काही वर्षे आणखी एक नाव असे, ते विमानवाहू नौका 'विक्रांत' हिचे. ते नाव यादीतून गळाले त्यास आता दशकाहून अधिक काळ लोटला. २०२५ साली 'गुलदार' ही सेवामुक्त युद्धनौका राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली झाली. तेव्हा 'विक्रांत'चे काय झाले, याची उजळणी करणे अप्रस्तुत ठरू नये.

महायुद्ध संपताच इंग्रजांनी अर्धवट टाकलेली ही नौका भारताने १९५७ साली विकत घेतली, बेलफास्ट येथे पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर तिच्या चार बॉयलरांपैकी एकास तडा गेला होता. अशा स्थितीत तिला रणात धाडावे की नाही, याविषयी मतभेद होते. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ती धाडली. कॉक्स बझार, चितगाव, खुलना येथील धावपट्ट्या व बंदरे यांवर तिच्या 'सी हॉक' व 'अलिझे' विमानांनी हल्ले चढविले आणि पूर्वेकडील समुद्रमार्ग शत्रूस बंद झाला. तिच्याच शोधार्थ आलेली 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ तळाशी गेली, हे सर्वश्रुत आहे.

आम्ही शिक्षकी पेशात असताना ही नौका विद्यार्थ्यांसह पाहिली आहे. लांबी सातशे फूट, असे फळ्यावर लिहिल्याने कोणास काही कळत नाही. शाळेच्या पटांगणाशी तुलना केली तरी मुले नुसत्या माना डोलावतात. परंतु खालच्या कोठारातून विमाने वरच्या धावपट्टीवर नेणाऱ्या त्या अवाढव्य पाळण्यापाशी उभे राहून त्यांनी मान वर केली, आणि आमच्या मुलांचा गलबला आपोआप थांबला. प्रवरेचा पूर एवढाच ज्यांचा पाण्याशी मोठा परिचय, अशी ती मुले. एका मुलीने विचारले, एवढ्या आखूड पट्टीवर विमान थांबते कसे? पट्टीवर आडव्या ताणलेल्या तारा आणि विमानाच्या शेपटाखालचा आकडा यांचे नाते तिला समजावून सांगताना आमचा विज्ञानाचा आठवडाभराचा तास अर्ध्या घटकेत झाला. पुस्तकाने असा प्रश्न कधी कोणाच्या मुखी आणला नव्हता.

३१ जानेवारी १९९७ रोजी 'विक्रांत' सेवेतून निवृत्त झाली. पुढे ती संग्रहालय म्हणून राहिली व नौदल ती वेळोवेळी लोकांस खुली करी. २०१२ साली ती धोकादायक म्हणून बंद झाली. राज्य सरकारने खर्चाबाबत असमर्थता कळविली, जानेवारी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, सुमारे साठ कोटी रुपयांस नौका विकली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही मार्ग मोकळा केल्यावर त्याच वर्षाअखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅसचे पाते चालू लागले. तिच्या पोलादाचा अंश घेऊन २०१६ साली एक मोटारसायकल बाजारात आली व तिचा खपही झाला. एक छोटे स्मारक मुंबईत उभे राहिले. असो.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. खाऱ्या पाण्यातील लोखंड हे दरवर्षी पैसे खाणारे प्रकरण आहे. नौका वारंवार सुक्या गोदीत घ्यावी लागते, तळाचे पत्रे बदलावे लागतात. तथापि १९९७ पासून २०१२ पर्यंतच्या पंधरा वर्षांत तिच्यासाठी कायमची जागा कोणी सिद्ध केली नाही आणि मग तळ गंजला म्हणून तक्रार केली, यास काय म्हणावे? 'विराट'च्या वेळी तर याहून मौज झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात ८५२ कोटींच्या संग्रहालयास मान्यता दिली. पुढे ती नौका ३८ कोटी ५४ लाखांस भंगारवाल्याकडे गेली आणि अलंगच्या किनाऱ्यावर तुटली.

हे अशक्यप्राय काम आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने विशाखापट्टणमला जावे. तेथे 'कुरसुरा' ही पाणबुडी पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावर बसविली आणि २००२ पासून लोक तिच्या पोटात शिरून ती पाहत आहेत. जपानने 'मिकासा' योकोसुका येथे काँक्रीटमध्ये रोविली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या तोफा निघाल्या, तिच्यावर नृत्यगृहही झाले. तरी १९६१ साली त्या लोकांनी ती पुन्हा उभी केली. सर्वांत अधिक बोचणारे उदाहरण मुंबईचेच आहे. १८१७ साली वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' ही नौका बांधून पाण्यात सोडण्यात आली. ती आज इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. आमच्या कारागिरांचे काम पाहावयाचे तर तिकडे जावे लागते.

आता 'गुलदार'. १९८५ साली नौदलात आलेली, रणगाडे किनाऱ्यावर उतरविणारी ही नौका निवतीजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून जलांतर्गत संग्रहालय करावयाची योजना आहे. पाणबुड्यांचा पोशाख चढविणाऱ्यांस वा पाणबुडीचे भाडे परवडणाऱ्यांस ही सोय उत्तम. मालवणच्या व्यवसायासही ती हितकारक ठरेल, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु एस. टी.ने आलेल्या सातवीच्या वर्गास त्या नौकेचे काय दिसणार? किनाऱ्यावर निदान तिची प्रतिकृती, तिची यंत्रे, तिच्यावर चाकरी केलेल्यांचे अनुभव असे दालन हवे, आणि ते मराठीत हवे.

दुसरी गोष्ट पैशाची. योजना मंजूर होताना आकडा एकदाच बोलला जातो. पेमगिरीच्या गडाविषयी बोलतानाही आम्ही हेच म्हणतो: शहाजीराजांच्या नावाचा फलक एकदा लावता येतो, झुडपे मात्र दर पावसाळ्यानंतर तोडावी लागतात. 'गुलदार'च्या देखभालीस दरवर्षी किती रक्कम लागेल, ती कोणत्या शीर्षाखाली धरली जाईल, आणि पर्यटक कमी आले तर तूट कोण भरील, हे पर्यटन खात्याने येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखवावे. आमच्या भागातील लोकप्रतिनिधींनी ते सभागृहात विचारावे.