गॅरेजच्या धंद्यात आता अंदाज चालणार नाही

मोटार दुरुस्ती हा आपल्या समाजाच्या हातातील जुना धंदा आहे. कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत कोणत्याही वस्तीत जा, शाळा सुटलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाने-पकड देऊ लागतो आणि आठ-दहा वर्षांत स्वतःचे गॅरेज टाकतो. या उस्तादांच्या कानाची ख्याती मोठी आहे. इंजिनचा आवाज ऐकून, प्लगचा रंग पाहून आणि साइलेन्सरचा वास घेऊन मिक्श्चर रिच आहे की लीन, हे ते अचूक सांगत. प्लग काळा तर पेट्रोल जास्त, पांढरा तर हवा जास्त, बिस्किटी रंगाचा तर काम फत्ते. मग कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात. त्या काळात एवढे ज्ञान पुरेसे होते.

तो काळ संपला आहे आणि ही गोष्ट मान्य करायला आपली बरीच गॅरेजे अजून तयार नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ असे म्हणतात. प्रमाण याच्या अगदी जवळ राहिले तरच धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो. इतकी बारीक काळजी कानाने घेता येत नाही. म्हणून बॉश कंपनीने एक्झॉस्टमध्ये बसणारा ऑक्सिजन सेन्सर तयार केला आणि १९७६ साली व्होल्व्होच्या मोटारीत तो प्रथम आला. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा कार्बोरेटर मोटारींतून गेला. भारत स्टेज-४ च्या गाड्यांत एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचे झाले आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ आले. फिरवायला स्क्रूच उरला नाही. आता गाडीतला कॉम्प्युटर सेन्सरचे ऐकून दर क्षणाला पेट्रोल कमी-जास्त करतो, आणि किती टक्के कमी-जास्त केले याचा आकडाही ठेवतो. या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म ट्रिम म्हणजे मुरलेली सवय.

म्हणजे पूर्वी उस्ताद जे काम करीत, ते आता गाडी स्वतः करते, आणि केलेल्या कामाचा हिशेबही दाखवते. प्रश्न एवढाच की तो हिशेब पाहतो कोण?

बहुतेक ठिकाणी काय होते? चेक लाइट लागते, स्कॅनर लावला जातो, पडद्यावर "सिस्टीम लीन" असा कोड येतो आणि लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. दोन आठवड्यांत लाइट पुन्हा लागते. मग पेट्रोल पंप बदलतो, मग इंजेक्टर साफ होतात. गिऱ्हाईक तीन बिले भरतो आणि चौथ्या वेळी अधिकृत सर्व्हिस स्टेशनला जातो. तो परत येत नाही आणि चार जणांना सांगतो ते वेगळेच. कोड हा रोग नसून फक्त लक्षण आहे. शिवाय तो सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी साइलेन्सरच्या पाइपला बारीक चीर असेल किंवा एखादा सिलिंडर मिसिंग करीत असेल, तरी तो "लीन" असेच म्हणणार. बिचाऱ्या सेन्सरचा दोष काय?

आता हेच काम नोंद ठेवून कसे होते ते पाहा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी वीस मिनिटे रस्त्यावर चालवायची आणि आरपीएम, लोड, पाण्याचे तापमान, दोन्ही ट्रिम व सेन्सरचे व्होल्टेज एवढेच आकडे फाइलमध्ये साठवायचे. हौसेने तीस आकडे निवडू नयेत. स्वस्त अडॅप्टर मुळातच संथ असतो, आकडे वाढले की प्रत्येकाची नोंद विरळ होते. ट्रिम पाच-सात टक्क्यांच्या आत असतील तर चिंता नाही. आयडलिंगला ट्रिम अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य असेल, तर कुठून तरी चोरटी हवा आत येत आहे. इनटेकचे गॅस्केट किंवा एखादा रबरी पाइप पाहा. उलट आयडलिंगला सर्व ठीक आणि चढावर ट्रिम वाढत जात असेल, तर पेट्रोल कमी पोहोचते आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे. वीस मिनिटांच्या नोंदीने तीन पार्टचा खर्च वाचतो. यात जादू काही नाही.

सीएनजीच्या कामात तर हा विषय अधिकच गंभीर आहे, कारण तिथे मॅप आपला फिटरच बनवतो. सिक्वेन्शियल किटचा कॉम्प्युटर पेट्रोलचा इंजेक्शन टाइम घेतो आणि त्याला गुणून गॅसचा टाइम काढतो. हे गुणक प्रत्येक आरपीएम आणि लोडला वेगळे लागतात. योग्य रीत अशी की गाडी आधी पेट्रोलवर चालवून नोंद घ्यावी, मग त्याच रस्त्यावर गॅसवर चालवावी आणि दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवून फरक भरून काढावा. परंतु पुष्कळ ठिकाणी गॅरेजच्या दारातच आयडलिंगवर ऑटो कॅलिब्रेशनचे बटण दाबून चावी दिली जाते. पुढे काय होते? गॅसचा चुकीचा मॅप पेट्रोलच्या कॉम्प्युटरची सवय बिघडवतो. गाडी पेट्रोलवर नीट चालत नाही आणि टॅक्सीवाला पेट्रोल पंपाला शिव्या देतो. लोडवर मिक्श्चर लीन राहिले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट खराब होतात आणि वर्षभराने हेड उघडावे लागते. हा खर्च रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या माणसाच्या खिशातून जातो.

मॅप सुधारण्याचे गणित शाळेतील त्रैराशिकाइतकेच सोपे आहे. ज्या कॉम्प्युटरचा पेट्रोलचा तक्ता आपण बदलू शकतो, त्यात एखाद्या खान्यात ६० हा आकडा आहे, हवा आहे लॅम्डा १ आणि नोंदीत येतो १.०५, तर ६० गुणिले १.०५ म्हणजे ६३. कठीण आहे ते निवडणे. थंड इंजिनची नोंद बाद करा. अॅक्सिलरेटर एकदम दाबल्याची वा सोडल्याची नोंद बाद करा, कारण धूर सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि आकडा भलत्याच खान्यात पडतो. ज्या खान्यात चार-पाचच नोंदी आल्या त्याला हात लावू नका. फरक मोठा असेल तर आधी निम्माच भरा आणि पुन्हा गाडी चालवून पाहा. इथेच उस्तादाचा कान लागतो. नॉकिंगचा पहिला ठोका त्यालाच आधी कळतो. पूर्ण अॅक्सिलरेटरवर मिक्श्चर मुद्दाम रिच ठेवलेले असते आणि साधा ऑक्सिजन सेन्सर किती रिच ते सांगत नाही. त्यासाठी वाइडबँड सेन्सर हवा, आणि तो नसेल तर त्या खान्यांना स्पर्शही करू नये.

याच कारणाने मोबाइलवरून मागवलेली तयार रिमॅप फाइल टाकून "पिकअप वाढवून देतो" म्हणणाऱ्यांचा धंदा मला पसंत नाही. दुसऱ्याच्या गाडीसाठी, दुसऱ्याच पेट्रोलवर बनलेला मॅप या गाडीत एकही नोंद न घेता टाकणे म्हणजे दुसऱ्या रोग्याची औषधाची चिठ्ठी वापरणे. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि सीएनजी किटही मान्यताप्राप्तच लागते.

इंधनही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलला हवा कमी लागते, किलोला सुमारे नऊच किलो. त्यामुळे या मिश्रणाचे प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. इंजेक्शनची गाडी ट्रिम वाढवून सावरून घेते, जुनी कार्बोरेटरची गाडी लीन चालते. म्हणजे एखाद्या जुन्या इंजेक्शनच्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिक दिसला तर तो बिघाडच असेल असे नाही, इंधनाचा परिणाम असू शकतो. मागच्या वर्षाची नोंद जपून ठेवली असेल तरच हा फरक ओळखता येईल.

आपल्या सभा-संमेलनांतून अल-जजरीचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. १२०६ साली त्याने यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला, हे खरेच अभिमानाचे आहे. पण त्याचे मोठेपण यंत्रे बनवण्याइतकेच ती मापांसह लिहून ठेवण्यात होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हेही वाचकांना सांगायला नको. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे अमानत असते. दुरुस्तीच्या आधीची नोंद आणि नंतरची नोंद बिलासोबत त्याच्या हातात दिली, तर "मिस्त्री फसवतो" या संशयाला जागा राहत नाही. अधिकृत सर्व्हिस स्टेशनशी स्पर्धा करण्याचे याहून स्वस्त साधन छोट्या गॅरेजवाल्याकडे नाही.

काही उस्ताद म्हणतील, लॅपटॉप आम्हाला येत नाही. हरकत नाही. दहावी-बारावी झालेला पुतण्या किंवा भाचा मोबाइलवर दिवसभर असतोच. त्याला कागद-फाइलचे काम द्या आणि अर्थ तुम्ही लावा. चांगला अडॅप्टर एखाद्या पार्टच्या किमतीत येतो, त्यासाठी व्याजाच्या कर्जाची गरज नाही. वाइडबँड सेन्सर महाग वाटला तर एका गल्लीतील चार गॅरेजांनी मिळून एक घ्यावा. तो कोणाकडे, कोणत्या दिवशी आणि कोणत्या गाडीला लावला याची वही ठेवावी, कारण शिसे असलेल्या किंवा तेल जाळणाऱ्या इंजिनात वापरला तर तो लवकर खराब होतो. वस्त्यांमधल्या बिनव्याजी पतसंस्थांनी गॅरेजची पाटी आणि टाइल्ससाठी पैसे देण्यापूर्वी अर्जदाराकडे अशी नोंदींची फाइल आहे का, हे विचारायला सुरुवात करावी.