चटका का बसतो, सांगा पाहू!

मित्रहो, एक साधा प्रश्न. हिवाळ्यात स्वेटर काढताना तडतड होते, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात, आणि मग लोखंडी कॉटला हात लागला की चटका बसतो. हवेत एक मिलिमीटर ठिणगी उडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. म्हणजे त्या क्षणी आपण काही हजार व्होल्टवर असतो! मग प्लगमधले २३० व्होल्ट माणसाचा जीव घेतात आणि हे हजारो व्होल्ट नुसतं 'आई गं' म्हणायला लावतात, असं का?

आमच्या विंगमध्ये हे विचारलं, तर इलेक्ट्रिकलचे टॉपरसुद्धा एकमेकांकडे बघायला लागले. (गॉसचा नियम मात्र सगळ्यांना तोंडपाठ.) खरं तर बारावीचंच गणित आहे. शरीराचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरडच्या आसपास. अर्धा सी व्ही स्क्वेअर लावा. ५००० व्होल्टला सव्वा मिलिज्यूल ऊर्जा भरते. एवढासा साठा, तो क्षणात संपतो. प्लगच्या मागे मात्र अख्खं पॉवर स्टेशन उभं असतं, ते करंट देतच राहतं. पण तेवढ्याशा चार्जने रॅमची चिप मरू शकते, आणि तीही आपल्याला चटका जाणवण्याच्या कितीतरी आधी. म्हणून रिपेअरवाला मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतो.

माझं स्पष्ट मत आहे की आपण फिजिक्स करत नाही, जर्नल छापतो. सीनियरची फाइल येते, आधी रिझल्ट लिहिला जातो, मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज. एररसुद्धा अख्ख्या बॅचची सारखीच! सर-मॅडमना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. सबमिशनच्या गर्दीत तेही सही करून मोकळे होतात.

लॅबमध्ये सामान नाही ही सबब मला पटत नाही. फॅरेडेने १८३१ मध्ये एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून इंडक्शन दाखवलं, आणि तो मूळचा बुकबाइंडरकडचा उमेदवार. आपल्याला पडद्याचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि एक गोल निओडिमियम चुंबक पुरे. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी पाइपमधून सोडलं की ते रेंगाळत खाली येतं. मोकळ्या हवेत एक मीटर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. लेन्झचा नियम आपण सगळ्यांनी घासलाय, पण पाइपला उभी चीर पाडली तर काय होईल, हे किती जण करून न बघता सांगतील?

प्लेसमेंटला हे विचारत नाहीत, हे मान्य. गेटलाही अशा भाषेत विचारत नाहीत.

माझी सूचना एवढीच की फर्स्ट इयरच्या ओरलमधले पाच मार्क अशा एका प्रश्नाला ठेवा, ज्याचं उत्तर कुठल्याच फाइलमध्ये नाही. पहिला प्रश्न मीच देतो. मोबाइलमधला अ‍ॅक्सिलरोमीटर टेबलावर स्वस्थ पडलेला असताना ९.८ दाखवतो, आणि गादीवर पडेपर्यंत हवेत जवळजवळ शून्य. असं उलटं का? करून बघा. मोबाइल मात्र रूममेटचा घेऊ नका.